शिफ्ट चालू असताना हाक मारू नये

हसायचं असेल त्यांनी आधीच हसून घ्या. मी थांबते.

झालं?

आता ऐका. हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि हे लिहितेय ना, तेव्हासुद्धा ते माझ्या पाठीमागच्या खोलीत चालू आहे...

मी मंजुषा. माहेर सांगलीचं, सासर मिरजेचं आणि संसार सगळा कोलकात्यात. ही बाई तोंडाची फटकळ आहे, असं सासूबाई म्हणायच्या. खोटं नव्हत्या बोलत. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून आत जायचे. रिकामं मन सैतानाचं घर, दुसरं काय!

गेल्या वर्षीच्या सतरा सप्टेंबरपर्यंत असंच होतं.

त्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती. वेळ भर दुपारची. जागा हावडा, गंगेच्या पलीकडच्या काठावरचा एक जुना कारखाना. नाव सांगणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

आमचे हे, म्हणजे श्यामकांत, त्या कारखान्यात कामगार अधिकारी होते. कारखाना केंद्र सरकारचा. रेल्वेला लागणारे सुटे भाग तिथे बनायचे. बदली होऊन आलो तेव्हा आमची नूपुर माझ्या कडेवर होती. "दोन-तीन वर्षांत परत जाऊ गं," असं हे म्हणाले होते. नूपुर आता सॉल्ट लेकला नोकरी करते, मराठीपेक्षा बंगाली बरं बोलते, आणि आम्ही अजून बालीगंजच्या त्याच फ्लॅटमध्ये आहोत.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात ना, तसं इकडे विश्वकर्मा पूजेला. कारखान्यात हत्तीवर बसलेल्या विश्वकर्म्याची मूर्ती आणायची. फाटक सगळ्यांसाठी उघडं. कामगार बायकापोरांना घेऊन येणार. बाबा कुठे काम करतात ते पोरांना दाखवणार. पत्रावळीवर खिचडी, आकाशात पतंगच पतंग. मी दरवर्षी जायचे. इथल्या सणांमधला मला आपला वाटलेला पहिला सण तो.

आणि त्या कारखान्याची एक रीत होती.

पूजेच्या आदल्या दिवशी प्रत्येक कामगार आपलं मशीन पुसून, तेल घालून बंद करायचा. त्याला म्हणायचं 'निजवणं'. पूजेच्या दिवशी मशीनला कोणी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याने निजवलं, त्यानेच उठवायचं. दुसऱ्याने नाही. एखादा माणूस तापाने फणफणला असेल तर त्याला रिक्षात घालून आणायचे, पण बटण त्याच्याच बोटाने दाबायचं.

मी एकदा विचारलं होतं, "आणि दुसऱ्याने उठवलं तर?"

निमाई मंडल नावाचे टर्नर होते, लेथ मशीनवर. मी त्यांना निमाईदा म्हणायचे, ते मला बौदी. बौदी म्हणजे वहिनी. त्यांनी जीभ चावली.

"तसं नाही करायचं, बौदी. निजवणारा आतच राहतो."

आमचं बोलणं हिंदी-बंगालीच्या खिचडीत चालायचं, इथे मराठीत सांगतेय. मी हसले होते. यांना येऊन सांगितलं तर हेही हसले.

मग कारखाना विकला.

पेपरात त्याला 'निर्गुंतवणूक' म्हणतात. शब्द ऐकला की वाटतं काहीतरी शिकलेल्या लोकांचं काम चाललंय, आपण मधे बोलू नये. नवा मालक खाजगी. वरच्या साहेबांनी यांना सांगितलं, कोणाची नोकरी जाणार नाही. यांनी कामगारांना सांगितलं, कोणाची नोकरी जाणार नाही. वीस वर्षं यांनी दिलेला शब्द मोडला नव्हता, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ताबा द्यायचा दिवस ठरवायचा होता. दिवस यांनीच सुचवला.

विश्वकर्मा पूजेचा.

"तसंही काम बंद असतं. कोणाचं नुकसान नाही, माणसंही खुशीत असतात," मला जेवताना म्हणाले. हिशेबी माणूस आहे बिचारा. त्यात काही वाईट असेल, हे यांच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. आम्ही मिरज-सांगलीची माणसं, आम्हाला काय ठाऊक!

लोकांनी मशीनं निजवली. पूजा झाली. खिचडी झाली. शेफालीने, म्हणजे निमाईदांच्या बायकोने, नेहमीप्रमाणे माझ्यासाठी नारळाचे लाडू आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर नवे वॉचमन होते.

जुन्या कामगारांपैकी एकालाही आत सोडलं नाही. कंत्राटी लोक तर दुपारपर्यंत फुटपाथवर बसून होते. पुढे सगळ्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कोणाची, ते विचारू नका.

निमाईदा फाटकाचे गज धरून ओरडत होते, "सर, कामावर नका घेऊ. पण मशीन उठवून येऊ द्या. पाच मिनिटं द्या फक्त!"

हे वरच्या खिडकीत उभे होते. खाली उतरले. वॉचमनशी भांडले. त्याने यांनाही सांगितलं, साहेब, आता इथे तुमचं चालत नाही.

आत नव्याने भरलेल्या पोरांनी एकेक बटण दाबलं. मशीनं चालू झाली.

त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत. "मी त्यांना शब्द दिला होता गं," एवढंच म्हणत राहिले. मला इतका राग आला होता, इतका, की भांडी आपटत होते नुसती. कोणावर आपटायची तेच कळत नव्हतं.

काही महिन्यांनी ती नवी पोरंही गेली. नव्या मालकाला कारखाना नको होता, जमीन हवी होती. मशीनं भंगारात गेली. यांना मात्र ठेवलं, कामगारांचे खटले निस्तरायला.

असं वर्ष गेलं. पुन्हा सतरा सप्टेंबर आला.

"येतेस?" यांनी विचारलं. "पूजा आहे. छोटीशी."

छोटीशी म्हणजे ऑफिसच्या पडवीत हातभर मूर्ती आणि पुठ्ठ्याच्या डब्यांत जेवण. चार-पाच माणसं, सगळी मोबाइलमध्ये डोकं घातलेली. मला कोणी ओळखेना. रीतीप्रमाणे अधिकारी आपलं पेन देवापुढे ठेवतात. यांनीही ठेवलं. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं शाईचं पेन. दुसऱ्या दिवशी उचलायचं आणि त्याने पहिली सही करायची.

मी कंटाळून मागच्या अंगणात गेले. वर पतंग होते. खाली गवत गुडघ्याएवढं वाढलेलं. जिथे दरवर्षी पोरं पळायची तिथे एक कुत्रंसुद्धा नव्हतं.

आणि मला आवाज आला...

लेथचा.

लोखंड कातलं जाताना येतो तो बारीक, लांब आवाज. इतकी वर्षं त्या कारखान्यात जातेय, मला चुकायचा नाही.

माझं डोकंच सटकलं. आजच्या दिवशी मशीन? मी तरातरा पडवीत आले.

"अहो, आज मशीन कोण चालवतंय? या लोकांना काही जनाची नाही तर मनाची?"

यांचा चेहरा पांढरा पडला.

"तुलाही ऐकू आलं?"

'तुलाही' म्हणाले.

"कधीपासून ऐकताय तुम्ही?"

हे उठून चपला घालायला लागले. नुसतं म्हणाले, "चल. आज तू आहेस तर बघू."

मागच्या शेडच्या दाराला कुलूप होतं. गंजलेलं. वॉचमन लांबच उभा राहिला. म्हणाला, "साहेब, त्या शेडची लाइन कापून महिने झाले. तिथे वीज नाही, मशीन नाही, काही नाही."

आवाज चालू होता.

एका खिडकीची काच फुटलेली होती. मी चवड्यांवर उभी राहून आत पाहिलं.

मशीनं नव्हती. खरंच नव्हती. जमिनीत नुसते सिमेंटचे चौथरे आणि त्यांतून वर आलेले बोल्ट.

पण जमीन झाडलेली होती... स्वच्छ.

ताज्या तेलाचा वास येत होता.

आणि प्रत्येक चौथऱ्यावर एक जास्वंदीचं फूल होतं. ओलं. आत्ता ठेवल्यासारखं.

मग मला तो माणूस दिसला. पाठमोरा. टक्कल, खाकी शर्ट, उजवा खांदा किंचित खाली. एका रिकाम्या चौथऱ्यासमोर उभा होता आणि त्याचे हात हवेत फिरत होते. एक हात चाक फिरवतोय, दुसरा पुढे-मागे. जे नव्हतं ते चालवत होता.

मी काही विचार केला नाही. माझा स्वभावच तो. ओळखीचं माणूस दिसलं की हाक मारायची.

"निमाईदा!"

तो दचकला.

हात झटकन मागे घेतला. मान अर्धी वळवली...

आणि तिथे कोणी नव्हतं.

आवाज बंद. इतकं शांत झालं की वरच्या पतंगाची फडफड ऐकू येत होती. फूलसुद्धा नव्हतं एकाही चौथऱ्यावर. जमिनीवर धुळीचा थर.

पहिली गोष्ट मनात आली ती हीच, निमाईदा गेले. आणि आपल्याला कोणी कळवलंही नाही.

मी तिथूनच शेफालीला फोन लावला. घाबरत विचारलं, निमाईदा कसे आहेत?

"घरीच आहे, बौदी," ती म्हणाली. "माझ्यासमोर खाटेवर बसलाय."

माझा जीव भांड्यात पडला. पण ती फोनवर रडत होती.

"तुम्ही या. आत्ताच या. त्याच्या बोटातून रक्त येतंय."

कारखान्याच्या मागेच त्यांची गल्ली. आम्ही जवळजवळ धावतच गेलो. ऊन उतरलं होतं. गल्लीत बायका नळावर होत्या, पोरं पतंगाच्या मांजामागे पळत होती. पुरुष मात्र आपापल्या दारात बसलेले. कोणी ओट्यावर, कोणी खुर्चीवर. सगळे जुने कामगार. मी ओळखत होते त्यांना.

एकानेही मान वर केली नाही.

सगळ्यांचे डोळे उघडे होते. आणि सगळ्यांचे हात हलत होते...

कोणी हातोडा मारत होता. कोणी कानस घासत होता. हातात काही नाही. बायका त्यांच्या बाजूने बादल्या घेऊन जात होत्या, जणू रोजचंच.

रोजचंच होतं ते.

निमाईदा खाटेवर बसले होते. जिवंत. श्वास चालू. डोळे भिंतीवर. शेफालीने डाव्या हाताच्या बोटाला फडकं बांधलं होतं, ते लाल झालेलं. फडक्यासकट हात फिरतच होता.

"काही हातात नव्हतं, बौदी. बसला होता नुसता. एकदम हात झटकला आणि रक्ताची धार लागली."



शेफाली सांगत होती. सकाळी भोंग्याच्या वेळेला हा जातो. म्हणजे बसलेला इथेच असतो, पण जातो. हाका मारा, हलवा, पाणी शिंपडा, इथे नसतो. संध्याकाळी भोंगा झाला की परत येतो. चहा मागतो. हात धुवायला साबण मागतो.

"डॉक्टर म्हणाला, नोकरी गेल्याचं दुःख आहे, होईल कमी. मलाही तेच वाटायचं." तिने खाटेखालची बादली पुढे ओढली. पाण्यावर तेलाचा तवंग होता. काळा. "दुःखाने हाताला तेल लागतं का हो, बौदी?"

हे दारातच उभे होते. आत यायची हिंमत झाली नाही यांची.

तेवढ्यात भोंगा झाला...

त्या कारखान्याचा भोंगा मी स्वतः भंगाराच्या ट्रकवर चढवताना पाहिला होता.

गल्लीतले सगळे हात एकदम थांबले. कोणी आळस दिला. कोणी खोकलं. कोणीतरी बायकोला विचारलं, भाजी काय केलीस?

निमाईदांनी डोळे मिटून उघडले. मला पाहिलं. हसले, अगदी पूर्वीसारखे. मग बोटाकडे पाहिलं.

"बौदी," जरा रागानेच म्हणाले, "मघाशी हाक मारलीत ना? शिफ्ट चालू असताना हाक मारू नये. आज बोटावर भागलं. हात गेला असता."



यांनी आत येऊन त्यांचे दोन्ही हात धरले. म्हणाले, "निमाई, मला माफ कर. मी काय करू ते सांग."

"सर, आम्ही निजवलं आणि उठवलं दुसऱ्यांनी. आम्ही आतच राहिलो. एकदा आत सोडा आम्हाला, आपापलं मशीन उठवून परत येतो."

"मशीनं विकली रे," हे म्हणाले. "काहीच उरलं नाही तिथे."

निमाईदांनी बोटाचं फडकं नीट केलं.

"मग परत घ्या कामावर," म्हणाले. "हे इकडे अर्धं, तिकडे अर्धं जमत नाही आता. तुम्ही शब्द दिला होता, सर."

त्या रात्री हे झोपले नाहीत. सकाळी मला म्हणाले, आज नव्या साहेबांशी बोलतो, भीक मागतो, पण त्या लोकांसाठी काहीतरी करतोच. मीही बरोबर गेले. एकटं सोडवेना.

फाटकावर यांचं कार्ड लावलं तर दिवा लाल.

वॉचमनने पाकीट हातात ठेवलं. यांची गरज संपली होती. आभार मानले होते, चांगल्या इंग्रजीत.

मी तिथे काय तमाशा केला ते सांगत नाही. शेवटी म्हटलं, मरो तुमची नोकरी, निदान पेन तरी द्या. देवापुढे ठेवलेलं पेन आहे, आज उचलायचं असतं.

वॉचमन आत जाऊन आला. मूर्ती सकाळीच नदीत सोडली म्हणाला. समोर जे होतं ते सगळं एका गोणीत घालून गेलं.

यांनी माझा दंड धरला. इतका घट्ट की वळ उठले.

"मंजुषा," म्हणाले, "पेन..."

ठेवलं यांनी, उचललं दुसऱ्याने.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन आले तर हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. डोळे उघडे, भिंतीकडे. उजवा हात मांडीवर. आणि हात हलत होता... डावीकडून उजवीकडे. थांबायचा, किंचित खाली यायचा, पुन्हा डावीकडून उजवीकडे.

सही.

मी किंचाळणार होते. तोंडात पदर कोंबला. निमाईदांचं बोट माझ्या डोळ्यांपुढे होतं. संध्याकाळी परत आले. "चहा टाक गं," म्हणाले. बोटांना निळी शाई होती. घरात शाईची बाटली नाही.

आम्ही दिवाळीत सांगलीला गेलो. म्हटलं, गंगा ओलांडली, अर्धा देश ओलांडला की सुटेल. माझ्या भावाच्या ओसरीवर, भर फराळात, हे सकाळी तसेच बसले. भाऊ म्हणाला, भावोजी फार मनाला लावून घेतात. मी हो म्हटलं. संध्याकाळी मी यांची बोटं लिंबाने घासत बसले.

हेच आमचं आयुष्य, असं मी धरून चालले होते. निम्मा नवरा तर निम्मा नवरा. संध्याकाळचा माझा आहे ना! भांडतो, हसतो, आमटीला मीठ कमी म्हणतो. मी भागवत होते.

मग या जूनमध्ये एक दिवस हे परत आले ते हसत. कित्येक महिन्यांनी असं हसले.

"आज निमाईला परत घेतलं," म्हणाले.

"कुठे?"

"कामावर गं. सही केली."

मला खरंच बरं वाटलं हो. आधी बरं वाटलं. कुठे परत घेतलं, ते नंतर डोक्यात शिरलं.

शेफालीचा फोन तेव्हाच वाजला.

"बौदी, भोंगा होऊन गेला. सगळे आले. हा आला नाही."

निमाईदा अजून त्या खाटेवर आहेत. श्वास चालतो, हात चालतात. दिवसाही, रात्रीही. चमच्याने भरवलं तर गिळतात. शेफाली म्हणते, चेहरा इतका समाधानी कधीच नव्हता. मी तिला काय सांगू? कोणी सही केली ते सांगू?

मी यांच्या पाया पडले. शब्दशः पाया पडले. म्हटलं, नका करू हो सह्या.

हे चकित होऊन बघत राहिले. "अगं, शब्द दिला होता मी. त्यांना काम हवंय, मी देतोय. यात वाईट काय?"

त्यानंतर गल्लीतला आणखी एक तिकडेच राहिला. मग आणखी एक. फोन येतो, मी उचलते, पलीकडे कोणाची तरी बायको रडत असते. मी फोन उचलायचा बंद केलाय.

परवा संध्याकाळी हे फार खुशीत होते. माझ्या हातचं थालीपीठ मागून खाल्लं. खाता खाता म्हणाले,

"आता थोडेच राहिले गं. सगळे झाले की शेवटची सही, की संपलं."

"शेवटची कोणाची?"

"माझी." लोण्याचं बोट चाटलं. "मलाही परत घ्यायला नको का? दुसरं कोण घेणार मला?"



आज विश्वकर्मा पूजा आहे. सकाळपासून वर पतंग उडताहेत. मी दुपारी हे लिहायला बसले, कारण बसून राहवेना. आता उन्हं गेली. भोंगा होऊन गेला. हावड्याचा भोंगा बालीगंजला ऐकू येत नाही, मला माहीत आहे, पण मला ऐकू येतो.

मागच्या खोलीतून चहाची हाक आलेली नाही.

नूपुर ऑफिसातून आली. तिला मी एवढंच सांगितलंय, बाबांना नोकरी गेल्याचं दुःख आहे. आत डोकावून आली. आता माझ्या खुर्चीमागे उभी आहे.

"आई, बाबाला अंधारात का बसवला? हाक मार ना."

हाक मारणं म्हणजे काय, एक शब्द तर आहे. 'अहो.' तीस वर्षं दिवसातून शंभरदा मारली असेल. आत्ताही ती अगदी जिभेवर आहे. हाक मारली आणि शिफ्ट चालू असली तर यांचा हात जाईल. नाही मारली आणि ही शेवटची सही असली, तर...

मी दारात जाऊन उभी राहिले. हे खुर्चीत आहेत. हात चालू आहे. डावीकडून उजवीकडे.

चेहरा इतका समाधानी मी कधी पाहिला नव्हता.

"आई, मार ना हाक," नूपुर पुन्हा म्हणतेय.

मी तिला म्हटलं, थांब जरा, येतील. आणि चहाचं आधण पुन्हा ठेवलं. हे तिसऱ्यांदा.